वाजणारी अंडी

दिलशादविषयी लोक दोन गोष्टी सांगतात. तिनं स्वतःच्या नातीला तीनदा मरणाच्या दारात नेलं, ही एक. बाई स्वभावानं फार गरीब, ही दुसरी. दोन्ही एकाच तोंडानं सांगतात आणि वर सुस्कारा सोडतात. मला त्या सुस्काऱ्यांचा संताप येतो. मी शकुंतला रणभिसे. सांगलीतल्या आमच्या चर्चची बालवाडी गेली कित्येक वर्षं मी सांभाळते आणि माझं तोंड फटकळ आहे, हे पाळकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा दिलशादची गोष्ट मीच सांगते. समोर मी तिला भाभी म्हणते, पण इथं नुसतं दिलशाद म्हटलं तर तिला राग यायचा नाही. तिला कशाचाच राग येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

ती मूळची म्हसवडची. बापाची शेंगदाणे-फुटाण्यांची भट्टी होती. लग्न होऊन वडूजला आली, तर नवऱ्याची, बशीरचीही भट्टीच. त्यामुळं जन्मल्यापासून तिच्या केसांत, पदरात, नखांत शेंगदाण्याची पूड. म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा असो की औंधला यमाईची, बशीर आणि दिलशाद तिथं कढई मांडून बसलेले. बशीर गिऱ्हाईक बघायचा आणि ही भाजायची. कढईत वाळू तापवायची, तीत दाणा टाकायचा, झाऱ्यानं हलवत राहायचं आणि चाळणीत ओतायचं. वाळू खाली, दाणा वर.

यात कढईला फारशी किंमत नाही, वाळूला आहे. नवी वाळू दाणा जाळते. वर्षानुवर्षं वापरून काळीभोर आणि गुळगुळीत झालेली वाळू दाणा सगळीकडून सारखा भाजते. म्हणून भट्टीवाले वाळू टाकत नाहीत, घरात विरजण राखावं तशी राखतात. दिलशादच्या लग्नात बापानं भांडी हलकी दिली, साड्या हलक्या दिल्या, पण घरातली जुनी वाळू डबा भरून दिली. त्याच्या आज्यापासून चालत आलेली. तो डबा मांडीवर घेऊन ही एस्टीनं सासरी आली. हे मला सांगताना साठीला आलेली ही बाई नव्या नवरीसारखी लाजली होती.

बशीर वारल्यावर भट्टी तिनंच चालवली. मुलगा अजहर मोबाइल दुरुस्तीकडं वळला. सून नूरीन सांगलीची, बी.कॉम. झालेली, बोलायला तोलूनमापून. घरात त्यांची बोली निराळी, पण माझ्यासमोर सगळे मराठीच बोलायचे. सासूला ती अम्मी म्हणायची आणि पहिली दोन वर्षं दोघींचं बरं चाललं होतं, असं दोघीही सांगतात. मग आसिया झाली.

पोर रांगायला लागल्यावर दिलशादनं एकदा गुळात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट बोटावर घेऊन तिला चाटवलं. आपल्याकडं हे कोण करत नाही? आमटीत कूट, भाजीत कूट, चटणीत कूट, उपासाला तर कूटच कूट. पण त्या पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास घरघरायला लागला. जीपमध्ये घालून तिला साताऱ्याला नेलं. वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की हिला शेंगदाण्याचं वावडं आहे आणि ते साधंसुधं नाही. पुन्हा पोटात गेला तर जीव जाईल.

वडूजमध्ये ही गोष्ट लोकांनी चहाबरोबर खाल्ली. भट्टीवाल्याच्या घरात शेंगदाण्याचं वावडं! भट्टीवर येणारा जाणारा हसून जायचा. शेजारच्या साळूबाईनं तर निकालच दिला, "आगं, शेंगदाण्यानं कुनी मरतंय व्हय? सवय न्हाई म्हनून तसं झालं. रोज चिमूट चिमूट द्यायची, मंग अंगी लागतंय." साळूबाई कुठली डॉक्टर? पण आपल्याकडं शेजारणीचं औषध आधी घेतात आणि डॉक्टरचं उरलं तर घेतात. दिलशादला ते पटलं, कारण तिला ते पटायलाच हवं होतं. ज्या दाण्यानं तिच्या घरातल्या सगळ्या पिढ्या जगवल्या, तो तिच्या नातीला मारतो हे तिच्या डोक्यात शिरेना. तिनं दुधात चिमूटभर कूट घातलं. पहिल्या चिमटीलाच पोर निळी पडली.

नूरीन आली तेव्हा पेला सासूच्या हातात होता.

पुन्हा जीप, पुन्हा सातारा, पुन्हा वाचली. दवाखान्याच्या पायरीवर नूरीननं एवढंच सांगितलं, "अम्मी, यापुढं तुमचा हात माझ्या मुलीला लागायचा नाही. तुमची साडी नाही, पदर नाही, सावली नाही." अजहर तिथंच उभा होता. पण ज्या वेळी बोलायला हवं, नेमक्या त्याच वेळी चपला शोधणारी काही माणसं असतात, त्यातला तो. महिन्याभरात त्यानं सांगलीला दुकान टाकलं आणि बिऱ्हाड हलवलं.

लोक म्हणतात दिलशाद त्या वेळी खूप रडली. मला नाही वाटत. रडणाऱ्या माणसाला एवढी कामं उरकत नाहीत. तिनं भट्टी मोडली. कढई, झारे, चाळण्या सगळं विकून टाकलं. अंगावरचे आणि पेटीतले कपडे लोकांना देऊन नवे शिवले, घर कुलूपबंद केलं आणि नात ज्या बालवाडीत जाते तिथं काम मिळतंय का, ते बघायला माझ्या दारात येऊन उभी राहिली. सगळं खरं खरं सांगितलं. पेल्याचंही सांगितलं. मी म्हटलं, "भाभी, तुम्हाला अक्कल होती की नव्हती?"

ती म्हणाली, "न्हवती, बाई."

मी तिला ठेवून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात नूरीन माझ्या खोलीत आली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "एक तर ती राहील, नाहीतर माझी मुलगी." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जिनं आपलं लेकरू दोनदा मरणाच्या दारात बघितलंय, तिच्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ज्यांना करायची त्यांनी खुशाल करावी. मी मधला मार्ग काढला. दिलशाद चर्चच्या बाजूला झाडलोट करेल, भिंतीच्या अलीकडं. बालवाडी पलीकडं. ती भिंत ओलांडणार नाही. नूरीननं मान डोलावली.

वर्षभर दिलशाद भिंतीच्या अलीकडं राहिली. मधल्या सुटीत ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि पलीकडच्या कालव्यातून आसियाचा आवाज वेगळा काढायची. "आज सर्दी झालीया पोरीला," असं मला सांगायची. मी पलीकडं जाऊन बघायचे तर खरंच नाक गळत असायचं. मला याचं कौतुक वाटायचं नाही. मला चीड यायची. एवढं प्रेम वेळेवर अकलेच्या कामी आलं असतं तर काय बिघडलं असतं?

आता टोपल्यांचं सांगते. दर ईस्टरला उपासना झाली की चर्चच्या आवारात बालवाडीतल्या सगळ्या मुलांना आम्ही बुरुडाकडून आणलेल्या छोट्या टोपल्या वाटतो. मूल कुठल्याही धर्माचं असो. टोपलीत रंगवलेली उकडलेली अंडी, साखरेची अंडी, चॉकलेट, चिक्की. आदल्या वर्षी रविराज नावाच्या मुलानं अंडं खाल्लं आणि त्याच्या अंगभर गांधी उठल्या. त्याच्या बापानं आवारात उभं राहून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग मी चौकशी केली, तर अशी वावडी असलेली पाच मुलं निघाली. रविराजला अंड्याचं, एका मुलीला गव्हाचं, आणखी एकाला काजूचं, प्रीती पाटील या जैन बाईंच्या मुलाला, अतिशयला, दुधाचं आणि आसियाला शेंगदाण्याचं. मी जाहीर केलं की या पाच जणांच्या टोपल्या वेगळ्या भरायच्या आणि त्यांत खायची एकही वस्तू घालायची नाही. न राहील खाणं, न येईल दुखणं.

प्रीती हसून म्हणाली, "मग काय घालणार बाई, बोधवचनं?"

"तुझ्या पोराला त्यांचीच जास्त गरज आहे," मी म्हटलं.

रंगीत खडू, शिट्ट्या, भोवरे आणि कापडाची शिवलेली अंडी असं ठरलं. भरायला कुणाला बसवायचं? आमच्या महिला मंडळातल्या बायका एका हातानं टोपली भरतात आणि दुसऱ्या हातानं चिक्की मोडून तोंडात टाकतात. त्यांना मी त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. एवढं जपून वागणारं एकच माणूस माझ्यासमोर होतं. दिलशाद वर्षभर शेंगदाणा खात नव्हती, शेंगतेलात शिजवत नव्हती, कुणाच्या घरी पाणी पीत नव्हती. कामावर आल्यावर कोपरापर्यंत हात घासून धुवायची. हाताला भेगा पडल्या होत्या.

मी नूरीनला बोलावलं आणि म्हटलं, "आधी तू डोळ्यांनी बघ आणि मग काय ते बोल." ती आली. खोली बघितली, घासलेलं टेबल बघितलं, टोपल्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या त्या हुंगून बघितल्या. दिलशाद कोपऱ्यात हात मागं बांधून उभी होती. नूरीननं तिचेही हात पुढं करायला लावले आणि तेही हुंगले. मला ते बघवलं नाही. दिलशादला मात्र काही वाटलं नाही. तिनं शाळेतल्या पोरीसारखे तळवे उलटे करूनही दाखवले.

जाताना नूरीन दारात थांबली. "अम्मी, हे नीट पार पडलं तर बकरी ईदला घरी या. आसियाला घ्या मांडीवर."

त्या दिवशी दिलशादनं झाडलेलं आवार पुन्हा झाडलं.

कापडी अंडी तिनं शिवली. गायनमंडळाच्या जुन्या झग्यांचं जांभळं कापड होतं, त्यात कापूस भरायचा होता. एक अंडं भरून तिनं कानाशी हलवलं आणि तिचं तोंड पडलं. "मुकं हाय हो बाई. पोरांच्या हातात कायतरी वाजाय पायजे." मी म्हटलं मणी घालू. ती म्हणाली, नको, शिवण उसवली आणि मणी घशात गेला तर? तेही खरं होतं. मग म्हणाली, "मी बघते काय करायचं ते. गुड फ्रायडेला सुटी हाय, जरा वडूजला जाऊन येते."

आली ती पाचही अंडी भरून, शिवूनच. मी एक हलवलं. बारीक, गोड, पावसाच्या लांबच्या सरीसारखा आवाज. "काय घातलंत?"

"वाळू हाय. घरची. तव्यावर परत चटका बसस्तवर भाजून घेतली. आगीतनं निघालेल्या वस्तूपरास चोख काय असतंय?"

भाजलेली वाळू म्हणजे किडामुंगी नाही, जंतू नाहीत, गिळण्यासारखं काही नाही. मी तिला शाबासकी दिली.

ईस्टरच्या रविवारी ऊन डोक्यावर आलेलं. उपासना संपली आणि मुलांनी आवारात धुडगूस घातला. पाच टोपल्या मी वेगळ्या टेबलावर ठेवल्या होत्या. आसियाची टोपली मी उचलली, तर नूरीन म्हणाली, "राहू दे, बाई. अम्मीच देतील." तिनं हे सगळ्यांसमोर म्हटलं. दिलशादनं साडीला हात पुसले, पुन्हा पुसले आणि टोपली नातीच्या हातात दिली. आसियानं आधी अंडंच उचललं आणि कानाशी हलवलं. "मम्मी, हे बोलतंय!" ती ओरडली. आणि मग दिलशादकडं बघून म्हणाली, "तू कोण?"

"मी तुझी दादी."

"माझी?"

"व्हय. तुझीच."

पोरीनं थोडा विचार केला, दिलशादचा हात धरला आणि तिला झाडाखाली ओढत नेलं. अंडं ती सोडायला तयार नव्हती. आसियाला विचार करताना काहीतरी चावायची सवय आहे; फ्रॉकची कॉलर, पेन्सिल, रिबीन, जे सापडेल ते. मी मोठ्यांना सरबत देत होते. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, नसतील, तेवढ्यात दिलशादची किंकाळी ऐकू आली.

ओठ सुजलेले, मान लाल, श्वासाची तीच घरघर. नूरीन धावत आली, अशा वेळेसाठी पर्समध्ये कायम ठेवलेलं इंजेक्शन काढलं आणि फ्रॉक वर करून मांडीत टोचलं. तिचा हात जरासुद्धा हलला नाही. हात हलला तो नंतर, जेव्हा तिनं अतिशयच्या मुठीत अर्धा राजगिऱ्याचा लाडू बघितला. "हा कुणी दिला? आसियाला दिलास का?" पोरगं घाबरून म्हणालं, "हो, इतकुसा." नूरीननं प्रीतीला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. "तुझ्या पोराचं जपायचं आणि माझ्या पोरीला मारायचं?"

प्रीती गाल धरून म्हणत राहिली की लाडवात राजगिरा आणि गूळ, दुसरं काही नाही, तिनं घरी केलाय, शपथ घेते. कुणी ऐकलं नाही. ज्या बायका सकाळी तिच्याशी साड्यांच्या गप्पा मारत होत्या, त्या चार पावलं मागं सरकल्या. दोष प्रीतीचाच, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

पाळकांच्या गाडीतून आम्ही मिरज रस्त्यावरच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं, नळी लावली आणि तासाभरात सूज उतरायला लागली. पोरगी वाचली. अजहर बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला. आणि मग नूरीन, जी सकाळपासून दगड होती, ती रडायला लागली आणि सासूच्या गळ्यात पडली. "अम्मी, सगळ्यांनी चुका केल्या, तुम्ही तेवढी केली नाहीत. तुमच्या हातचं तेवढं चोख निघालं. मीच तुम्हाला लांब ठेवलं." तिनं दिलशादला खाटेवर बसवलं आणि आसियाचं डोकं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

दिलशादनं नातीच्या केसांवरून हात फिरवला. किती वर्षांनी. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण मला चारचौघांत रडायला आवडत नाही.

तेवढ्यात डॉक्टर परत आले. त्यांनी प्रीतीला फोन करून लाडवाचं विचारून घेतलं होतं. "त्यात शेंगदाणा दिसत नाही," ते म्हणाले. "आणखी काय होतं तिच्या हातात, तोंडात? दाणाच खायला पाहिजे असं नाही. शेंगदाण्याची पूड, तेल एखाद्या वस्तूला मुरलेलं असलं तरी अशा मुलीला पुरतं. भाजल्यानंही ते जात नाही."

नूरीन म्हणाली, "काहीच नव्हतं. टोपलीत खायचं काही नाहीच. खडू, शिट्टी आणि हे." तिनं पर्समधून जांभळं अंडं काढलं. त्याचं एक टोक चावून ओलं झालं होतं. शिवण जराशी उसवली होती.

ते बघून आसियानं हात पुढं केला. आवाज अजून घोगरा होता. "माझं अंडं. दे ना."

नूरीन हसली. त्या दिवसात पहिल्यांदा. तिनं अंडं सासूच्या हातात दिलं. "द्या, तुमच्याच हातानं द्या."

दिलशादनं ते घेतलं. उसवलेल्या शिवणीतून वाळूचे चार-दोन काळे कण तिच्या तळहातावर पडले. ती त्यांच्याकडं बघत राहिली आणि मला एकदम त्या डब्याची आठवण झाली, मांडीवर घेऊन सासरी आणलेल्या.

खोलीत हे आम्हा दोघींनाच कळलं होतं. अंडं पदरात बांधायला तिला एक क्षण पुरला असता. शिवण उसवलीय, शिवून देते, म्हणायचं. खापर प्रीतीवर फुटलेलंच होतं. मांडीवर नात होती, ईदचं बोलावणं होतं. मी स्वतः, रणभिसेबाई, जी सगळ्यांना तोंडावर खरं सुनावते, त्या घटकेला मनात म्हणत होते, बांध गं पदरात, बांध.

"डाक्टर," दिलशाद म्हणाली, "ही भट्टीची वाळू हाय. शेंगदाणं भाजायची. माझ्या बापाची."

आसिया म्हणत होती, दे ना, दे ना.

नूरीन उठली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. तिनं आसियाचं डोकं सासूच्या मांडीवरून उचलून उशीवर ठेवलं. टेबलावरची स्पिरिटची बाटली घेतली, कापूस भिजवला आणि पोरीचं कपाळ, गाल, केसांची मुळं, जिथं जिथं सासूचा हात फिरला होता ती प्रत्येक जागा पुसून काढली. पोर चुरचुरतंय म्हणून रडायला लागली, तरी पुसत राहिली. मग मागं वळून न बघता म्हणाली, "अजहर, यांना बाहेर ने."

आणि अजहरला या वेळी चपला लगेच सापडल्या. त्यानं आईच्या पुढ्यात तिच्या चपला ठेवल्या.

बाहेर पायरीवर दिलशादनं मला एकच विचारलं, "बाई, आगीनं बी जात न्हाई?"

"नाही जात, भाभी."

"मला वाटलं जातंय."

त्याच संध्याकाळी मी उरलेल्या चार घरी जाऊन अंडी परत गोळा केली. प्रीतीनं अतिशयचं अंडं दारातूनच माझ्या अंगावर फेकलं. तिच्याकडं माफी मागायला नूरीन अजून गेलेली नाही आणि चार पावलं मागं सरकलेल्या बायकाही परत पुढं आलेल्या नाहीत. दिलशाद वडूजला निघून गेली. तिथल्या एकानं मला सांगितलं की तिनं राहिलेला वाळूचा डबा येरळा नदीच्या पात्रात नेऊन ओतला आणि रिकामा डबा घासत बराच वेळ तिथंच बसली होती.

बकरी ईद झाली, पाऊस होऊन गेला. आसिया शाळेत येते. आमच्याकडं सकाळच्या प्रार्थनेत मुलांनी ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. कुणी आजारी मांजराचं नाव घेतं, कुणी बाबाच्या मोटरसायकलचं. आसिया डोळे गच्च मिटून हात जोडते आणि म्हणते, "माझ्या दादीसाठी. ती वारली."

पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी नूरीनला गाठलं. ती म्हणाली, "सारखी विचारत होती, दादी कुठं गेली, दादीकडं जायचं. काय सांगू, तुम्हीच सांगा." माझ्यासारखी फटकळ बाई, पण मी घंटा वाजवायला निघून गेले.

दर रविवारी, उपासना संपायच्या सुमाराला, दिलशादचा वडूजहून फोन येतो. पाऊसपाणी विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते, भिंतीला रंग दिला का विचारते. मग हळूच मुद्द्यावर येते.

"पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"माझी आठवण काढती का हो?"

"काढते, भाभी," मी सांगते. "रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेते."

"लय चांगलं झालं," ती म्हणते आणि फोन ठेवते.